विश्वकोशातले स्वागतोत्सुक

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. हे वाक्य मी याआधी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे ते नीट जमलंय की नाही याची खात्री नाही. माझी सगळी वाक्यं दुसऱ्यांच्या चुकांवर असतात. रस्ता खोदून विसरून जाणाऱ्यांवर, सत्काराला उशिरा येऊन लवकर जाणाऱ्यांवर, व्यासपीठावर बसून झोपणाऱ्यांवर. त्या वाक्यांना धार असते. हे वाक्य बोथट आहे. चालवून घ्या.

मी प्रदीप बनसोडे. वायरमन म्हणून निवृत्त झालो, लेखक म्हणून कधी होणार नाही. शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण रद्दीच्या दुकानात झालं. रद्दीतल्या पुस्तकांची पहिली आणि शेवटची पानं फाटलेली असतात. त्यामुळे मला कुठल्याही विषयाचं मधलं सगळं येतं. सुरुवात आणि शेवट मी माझ्या मनाने करतो. एका साप्ताहिकात माझं सदर आहे, ‘जाब’ नावाचं. सोलापुरात कुंभारीच्या रस्त्याला आमची कॉलनी आहे, तिथे मला सगळे ‘लेखक’ म्हणतात. काही जण आदराने म्हणतात. कोण कोण, ते मी अजून शोधतो आहे.

तर विषय बँडचा. माझी मुलगी तेजश्री गाते आणि माझा भाचा सुमित ऑक्टापॅड वाजवतो. आणखी दोघे-तिघे गिटार घेऊन येतात. या सगळ्यांनी मिळून ‘पुन्हा यशवंत’ नावाचा ट्रिब्यूट बँड काढला. ट्रिब्यूट बँड म्हणजे स्वतःचं एकही गाणं नाही, एकाच मोठ्या कलाकाराची गाणी आदराने म्हणायची. इथे तो कलाकार म्हणजे यशवंत तळभंडारे. जयंतीच्या मंडपात, बारशाला, घरभरणीला त्यांची गायन पार्टी सगळ्या जिल्ह्यात फिरायची. त्यांच्या कॅसेटी निघाल्या. प्रत्येक कॅसेटवर एकच नाव असायचं, ‘यशवंत तळभंडारे आणि पार्टी’. तळभंडारे जाऊन बरीच वर्षं झाली. पार्टीतलं फक्त एक माणूस उरलंय, आणि ते आमच्या समोरच्याच घरात राहतं. मीनाबाई.

बँडची प्रॅक्टिस माझ्या गच्चीवर होते, आणि मीनाबाई खाली अंगणात बसून ती ऐकतात. ऐकतात म्हणजे भांडतात.

“ए पोरी, रडतीस कशाला? ‘पाटी माजी, अक्षर माजं’ हे रडायचं गानं न्हाय, मागून घ्यायचं हाय! मास्तरच्या तोंडावर म्हनल्यासारकं म्हन!”

तेजश्री वरून ‘हो आज्जी’ म्हणायची आणि तसं म्हणायची. मग ते गाणं एकदम उभं राहायचं. मी मात्र गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून सांगायचो, “मीनाबाई, तालीम चाललीय. अडथळा नको.”

एक दिवस सुमित म्हणाला, “मामा, पुण्याच्या एका महोत्सवाचा फोन होता. म्हणाले, तुमच्याबद्दल नेटवर काही असेल तर लिंक पाठवा.”

“नेटवर?” मी म्हणालो. “नेटवर म्हणजे विश्वकोशात. नोंद पाहिजे. नोंद मी करतो.”

इंटरनेटवर एक विश्वकोश आहे. त्यात कुणीही लेख लिहू शकतो, असं त्यांनीच पहिल्या पानावर लिहिलंय. कुणीही म्हणजे सातवी सुटलेलासुद्धा. मला वाटलं, जगात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी दार उघडं ठेवलंय. लिहिलेलं कुणीही पुसू शकतो, हे दुसरं वाक्य त्यांनी आतल्या पानांवर ठेवलं होतं, आणि आतली पानं, म्हणजे नेमकं माझ्या अभ्यासाचं क्षेत्र, मी त्या दिवशी वाचली नाहीत.

लेख मी मानपत्राच्या चालीवर लिहिला. आपल्याकडे माणसाबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे मानपत्रच, दुसरी रीत मला ठाऊक नव्हती. ‘ज्यांच्या सुरांनी सीना नदीचे पाणीही क्षणभर थबकते, अशा पुन्हा यशवंत या बँडचा सोलापूरनगरीला सार्थ अभिमान आहे.’ असं सुरू होऊन ते पुढे चढत गेलं.

मंडप आणि साउंडवाला कुमार चहा प्यायला आला होता. त्याने वाचून मान डोलावली. “भारी हाय. पन सीना तर उन्हाळ्यात थबकलेलीच असती की.” मग थोडं थांबून म्हणाला, “साउंडवाल्याचं नाव खाली येईल ना?”

आता इथे बाहेरच्या वाचकासाठी थांबावं लागेल. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम पत्रिकेशिवाय होत नाही, आणि पत्रिका नावांशिवाय होत नाही. वर अध्यक्ष, मग प्रमुख उपस्थिती, मग विशेष सहकार्य, आणि सगळ्यात खाली ‘स्वागतोत्सुक’ म्हणून सगळी गल्ली. ज्याचं नाव राहतं, तो कार्यक्रमाला येतो, जेवतो, पण पुढचं वर्षभर बोलत नाही. म्हणून नाव राहू द्यायचं नाही. हे शास्त्र आहे. मी ते विश्वकोशाला लावलं.

कुमारचं नाव ‘ध्वनिव्यवस्था’ म्हणून घातलं. त्याने मोबाईल नंबर घाला म्हटलं, तोही घातला. ते शेजारच्या सुंदरम्माने ऐकलं. सुंदरम्मा म्हणजे आमच्या कॉलनीचं आकाशवाणी केंद्र. माहेर-सासर दोन्ही कापडाचे माग चालवणाऱ्यांचं, घरात तेलुगू, दारात मराठी. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात रांग. कुणी तालमीला सतरंजी दिली होती, कुणी चहा, कुणी एकदा एक्स्टेन्शन बोर्ड. सुंदरम्मा म्हणाली, “आमच्या नातवाचं नाव घाला हो. तो रोज खालून टाळ्या वाजवतो.” घातलं. चिंटू असंच घातलं, कारण खरं नाव तिलाही पटकन आठवेना.

आणि मी, स्वाभिमानी, निर्भीड, कुणापुढे न वाकलेला लेखक, विश्वकोशातल्या लेखात ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून कोणाचं नाव टाकावं या विचारात अर्धा दिवस घालवला. शेवटी स्वतःचं टाकलं.

त्याच संध्याकाळी मीनाबाई आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

“प्रदीप, सगळ्यांची नावं घातली म्हनं तू.”

“हो, मीनाबाई.”

“माजं?”

मी चष्मा काढला. चष्मा काढला की मी जास्त शहाणा दिसतो, असं माझं मत आहे. “तुमचं कसं घालणार? कॅसेटवर तुमचं नाव नाही. कोश आहे तो. त्याला पुरावा लागतो.”

“कॅसेटवर कुमारचं हाय व्हय?”

“कुमार आजचा आहे. तुम्ही इतिहासात येता. इतिहासाचं वेगळं असतं.”

“आन् त्यो चिंट्या? त्याचा काय पुरावा घेतलास?”

“पप्पा,” आतून तेजश्री म्हणाली, “घाला ना आज्जींचं. काय होतंय?”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणालो. नियमांचं पान मी त्याच दिवशी दुपारी उघडलं होतं आणि झोप आली म्हणून मिटलं होतं.

मीनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाशी मला बोलता येतं. त्या फक्त म्हणाल्या, “बरं. पुरावा घावला की मला बी सांग. मला बी बगायचाय,” आणि पदर सावरून समोरच्या घरात गेल्या.

मी लेख प्रसिद्ध केला. कुमारने पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी लेखाच्या डोक्यावर लाल चौकट आली होती. ‘हा लेख काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे. चर्चेत सहभागी व्हा.’ प्रस्ताव मांडणाऱ्याचं टोपणनाव होतं, गारगोटी. सीना नदी थबकते, त्या वाक्यापुढे गारगोटीने लिहिलं होतं, ‘संदर्भ हवा’. सोलापूरनगरीला सार्थ अभिमान आहे, त्यापुढे, ‘कोणाला?’ चिंटूपुढे नुसतंच प्रश्नचिन्ह. आणि खाली कारण: ‘बँडची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. ज्या कलाकाराची गाणी हा बँड म्हणतो, त्याच्यावर कोशात लेख नाही. म्हणजे नातवाची नोंद आहे, आजोबांची नाही. लेखात दिलेले सगळे दुवे एकाच लेखकाच्या एकाच सदराचे आहेत, आणि तोच लेखक या लेखात प्रमुख उपस्थिती आहे.’

उल्लेखनीयता! हा शब्द वाचून माझ्या अंगाची लाही झाली. आयुष्यभर हाच शब्द वेगवेगळ्या कपड्यांत माझ्या दारावर आला होता. ‘दर्जा’ म्हणून आला, ‘निकष’ म्हणून आला, ‘पुढच्या अंकात बघू’ म्हणून आला. आता हा नवा सदरा घालून आला होता.

कॉलनीत बैठक बसली. माझ्या गच्चीवर, बँडच्या सतरंजीवर.

“म्हंजे निवडनूकच की,” कुमार म्हणाला. “ठेवा का काढा. डिपॉझिट भरायचं असतंय का?”

“मतदान नाही, चर्चा असते मामा,” सुमित म्हणाला. “मुद्दे मांडायचे असतात.”

“मुद्दे निवडनुकीत बी मांडत्यात,” कुमार म्हणाला. “मतं मोजत्यात.”

सुंदरम्माला मूळ प्रश्नच पटला नव्हता. “मला एक सांगा लेखक. दुसऱ्याची गाणी म्हनून कोशात जायचं म्हनलं, तर लग्नातला बँजोवाला आधी जायला पायजे. तो तर सगळ्यांचीच म्हनतो. तुमचा बँड एकाचीच म्हनतो. मग मोठं कोन?”

“सुंदरम्मा, आदर आणि धंदा यात फरक आहे.”

“बँजोवाला बी आदरानंच वाजवतो की. सुपारी घेतल्याशिवाय कोन आदर करतंय?”

ज्याला उत्तर नसतं त्या गोष्टीवर मी आवाज चढवतो. मी म्हणालो, “मुद्दा बँडचा नाही! मुद्दा आहे आपल्याला पुसू पाहणाऱ्या हातांचा!” टाळ्या पडल्या. चिंटूने सगळ्यात जास्त वाजवल्या.

मग प्रचार सुरू झाला. माझ्या घरच्या वायफायला सगळी कॉलनी जोडली गेली. ज्याने त्याने कोशात आपापलं खातं उघडलं आणि चर्चेत मत टाकलं. ‘ठेवा.’ ‘ठेवा म्हणजे ठेवाच.’ ‘बनसोडे साहेबांचा विजय असो.’ एका वहिनींनी सवयीने ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं. कुमारने लिहिलं, ‘ठेवा. लग्न, साखरपुडा, जयंती, सर्व प्रकारचे मंडप व साउंड योग्य दरात.’ आणि सुंदरम्माने, सरकारी माणसं वाचतायत या समजुतीने, मनातलं मोकळं केलं: ‘रोज संध्याकाळी लई आवाज होतो. दुपारी झोपमोड पण होते. बंदोबस्त करावा.’

हे मत विरोधात मोजलं गेलं. घरचंच, तेही.

दोन दिवसांनी कोशाच्या चालकांपैकी कुणीतरी लिहिलं की ही सगळी खाती एकाच जोडणीवरून उघडलेली दिसतात, त्यामुळे ती एकाच माणसाची बाहुली-खाती समजण्यात येत आहेत. बाहुली! सुंदरम्मा, कुमार, सतरंजीवाला, सगळी हाडामासाची माणसं, आणि या सगळ्यांचा मिळून मी एकटा? मी सुंदरम्मा आहे? आयुष्यात माझा पुष्कळ अपमान झाला, पण इतका गुंतागुंतीचा नव्हता. सुंदरम्माला कळल्यावर ती मात्र खूश झाली. म्हणाली, “मग आता माझी गोळी तुम्हीच घ्या. बीपीची.”

आणि मग मी लिहायला बसलो. गारगोटीला उघड जाब. माझ्या ‘जाब’मधलं सगळ्यात चांगलं लिखाण मी त्या चर्चापानावर केलं, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं, फक्त पत्ता चुकीचा होता.

मी लिहिलं: ‘गारगोटी या नावाआड बसलेल्या विद्वान महाशयांस. तुम्ही पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून आमची उल्लेखनीयता मोजता. तुमच्या पिढ्यांनी आमच्या पिढ्यांना पाटी दिली नाही. आज आम्ही आमची पाटी आणली, आमच्या हाताने लिहिली, तर तुम्ही ओला फडका घेऊन आलात. तुम्ही कधी जयंतीच्या मंडपात जमिनीवर बसलात का? तुमच्या बापाने कधी हाताने काम केलं का? तुमच्या घरात कधी ही गाणी वाजली का? नाव लपवून काय वार करता, समोर या.’

असं लिखाण नुसतं टाकून देणं मला जमेना. त्या संध्याकाळी तालीम थांबवून मी ते गच्चीवरून, कुमारच्या माइकवर, सगळ्या कॉलनीला वाचून दाखवलं. काय टाळ्या पडल्या! ‘ओला फडका’ला शिट्टी आली. मीनाबाईही गच्चीवर आल्या होत्या. पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, पण टाळी वाजवली नाही.

“कुनाला बोलला रं इतकं?” त्यांनी विचारलं.

“पुण्याच्या एकाला.”

“बगितलायस त्याला?”

“बघायची गरज नाही. भाषेवरून कळतं.”

“भाषेवरून,” मीनाबाई म्हणाल्या. “आन् आवाजावरून मानूस वळकतुयास का कदी?”

मला त्याचा अर्थ लावायला वेळ नव्हता, कुमारला फोटो काढायचा होता.

उत्तर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे परत जमले. सुमितने मोबाईल उघडला आणि म्हणाला, “मामा, आलंय. पण आधी तुम्ही एकटेच वाचा.” मी निर्भीड माणूस. मी म्हणालो, “आपल्यात झाकपाक नाही. कुमार, माइक चालू कर.” आणि मी, एक अक्षर न वाचता, थेट मोठ्याने वाचायला लागलो. कुमारने त्या दिवशी कौतुकाने थोडा एको पण लावला होता.

“‘नमस्कार काका,’” मी वाचलं. काका, काका, काका, असं सगळ्या कॉलनीवरून फिरून आलं.

“‘मी पुण्याची नाही. मी श्रीपूरची. नाव विचारलंत म्हणून सांगते, धम्मप्रिया. आमच्या घरी एसी नाही, पंखा आहे, आणि हंगामात साखर कारखान्याची काजळी बसून तोही अडकतो. माझे वडील कारखान्यात गव्हाणीवर, चरकाकडे सरकणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकायचे. हाताने. त्यांची दोन बोटं त्यात गेली. आमच्या घरात ही गाणी वाजत नव्हती, म्हटली जात होती. पाटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. माझ्या आजीला पाटी मिळाली नाही.’”

इथे शहाण्या माणसाने माइक खाली ठेवला असता. माझा हात ठेवेना. समोर सगळे बसलेले, आणि मी वाचत राहिलो. थांबलो असतो तर का थांबलात म्हणून विचारलं असतं.

“‘मी काढून टाका म्हटलं, कारण ज्याची आपण दखल घेतो ते पुराव्यावर टिकलं पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही येऊन म्हणेल, हे लोक असंच काहीही लिहितात. आणि एक गोष्ट मला वेगळीच खटकली. तुमच्या लेखात मंडपवाल्याचं नाव आहे, सतरंजीवाल्याचं आहे, चिंटू आहे. पण मूळ पार्टीत गाणाऱ्या बाईंचं नाव नाही. आजी सांगते, हंगाम सुरू झाला की पार्टी श्रीपूरला यायची. तळभंडारे पेटीवर बसायचे. पाटी माझी हे गाणं बाई म्हणायच्या. ऊसतोडीच्या बाया कोयते खाली ठेवून ऐकायला यायच्या. आजीचं सांगणं हा पुरावा धरत नाहीत, म्हणून मी ते कोशात घातलं नाही. पण तुम्ही सोलापूरचे. तुम्ही कुणाला विचारलंत का?’”

का, का, का, असं एको म्हणाला. कुमारने तो घाईघाईने बंद केला.

“म्हंजे,” सुंदरम्मा हळूच म्हणाली, पण तिचं हळूसुद्धा रस्त्यापर्यंत जातं, “पुन्याला राहत न्हाई व्हय ती?”

कुणी हसलं नाही. मी मोबाईलकडे बघत राहिलो, त्यात अजून काहीतरी लिहिलंय असं दाखवत. तेजश्रीने माझ्याकडे बघायचं टाळलं. मीनाबाईंकडे बघायचं मी टाळलं. त्या खुर्चीवरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून.

“गव्हानीवर व्हता म्हनं बाप तिचा,” त्या म्हणाल्या. “लई थंडी असायची तितं. शेकोटी करून द्यायची मानसं आमाला.” आणि जिना उतरून गेल्या.

त्या रात्रीचं काही लिहीत नाही, झोपलो नाही एवढं पुरे. सकाळी उठून मी चर्चापानावर माझ्या खऱ्या नावाने मत टाकलं: ‘काढून टाका. कारण: लेख लिहिणाऱ्याला विषय माहीत नव्हता. श्रीपूरच्या बाईंची माफी मागतो.’ चालकांनी त्यावर टीप लिहिली की लेख बनवणाऱ्यानेच विरोध केल्याने हे मतही संशयास्पद धरावं का, याचा विचार चालू आहे. म्हणजे खरं बोललो तेव्हाही मी बाहुलीच.

लेख गेला. ज्या ज्या माणसाचं नाव त्यात होतं, तो माझ्याकडे आपलं नाव गेल्याचं दुःख घेऊन आला. कुमार म्हणाला, “नंबर तरी ठिवायचा.” आणि सुमितने मला सांगितलं, की पुण्याच्या महोत्सववाल्यांना नोंद नको होती, गाण्याच्या व्हिडिओची लिंक हवी होती, ती त्याने पहिल्याच दिवशी पाठवली होती. “मग मला का नाही सांगितलंस?” मी ओरडलो. “तुम्ही लिहायला बसला होता मामा. तुम्ही लिहायला बसल्यावर कोण बोलतंय तुमच्याशी?”

पान बंद होण्याआधी धम्मप्रियाने एक ओळ लिहिली होती: ‘बाई हयात असतील तर त्यांची मुलाखत छापून यायला हवी. तुमच्या सदरात नको. दुसऱ्या कुणाकडून.’

‘तुमच्या सदरात नको’ हे गिळायला मला आठवडा लागला. मग मी नवी पेठेत गेलो. कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका दैनिकाचं कचेरीवजा काहीतरी आहे. तिथला इंद्रजीत नावाचा वार्ताहर, ज्याच्या बातमीदारीवर मी दोनदा ‘जाब’ लिहिला होता, त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिलो. त्याने मला बराच वेळ उभं ठेवलं. हक्क होता त्याचा.

मग मीनाबाईंकडे. त्या अंगणात शेंगा निवडत होत्या.

“घावला व्हय पुरावा?” मान वर न करता त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “पेपरवाला येतोय. तुमच्याशी बोलायला.”

“का? मी आजची झाले व्हय आता?”

मी काही बोललो नाही. माझ्या ओळखीच्या लोकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

इंद्रजीत रविवारी आला. मीनाबाई नवी साडी नेसल्या होत्या. त्यांच्या घरात दोनच खुर्च्या होत्या, एका खुर्चीत इंद्रजीत बसला, दुसऱ्या खुर्चीत, सवयीने, मी. मीनाबाई स्वयंपाकघराच्या दारात चहाला उभ्या राहिल्या. इंद्रजीतने वही काढून विचारलं, “बाई, सुरुवात कशी झाली?” आणि मी सांगायला लागलो. मला आवरलं नाही. गायन पार्ट्यांची परंपरा, कॅसेटचा काळ, लोककलेकडे पाहण्याची व्यवस्थेची नजर, असा मी मधला सगळा भाग सांगत सुटलो. इंद्रजीत लिहीत होता. मला वाटलं, छान चाललंय.

मग त्याने पेन थांबवलं. “बरं, बाईंचं पूर्ण नाव काय?”

मी तोंड उघडलं. ‘मीनाबाई’ म्हणालो. पुढे काही येईना. वीस वर्षं समोरचं दार. यांच्या घरचा मीटर जळला तेव्हा मीच बसवला होता. यांच्या हातची भाकरी खाल्लेली. कॉलनीतल्या चिंटूपर्यंत सगळ्यांची नावं मी जगाच्या कोशात नेऊन ठेवली होती. मी अंदाज करायला सुरुवात केली. “मीनाबाई… कांबळे असेल.”

“सांग की, लेखक,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “थांबलास का? बाकी सगळं तर येतंय की तुला.”

इंद्रजीतने खाली वहीकडे बघितलं. पेपरातला माणूस, पण तोही माझ्यासाठी शरमला.

मीनाबाई चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या. एक इंद्रजीतला दिला. दुसरा हातात घेऊन माझ्या खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, मला देतायत. मी हात पुढे केला.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “तितं मला बसायचंय. तू जा भाईर.”

मी उठलो. दार त्यांनी लावून घेतलं. नुसतं लोटलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी कडी घातली.

पायरीवर चपला होत्या, त्यांच्याशेजारी बसलो. आतून आधी नुसती कुजबुज येत होती. मग मीनाबाईंचा आवाज चढला, भांडल्यासारखा, तालमीच्या वेळी अंगणातून यायचा तसाच. “लिही. मीना निवृत्ती शिवशरण. निवृत्ती माजा बाप. नवऱ्याचं नाव लावत न्हाय मी. ते लावलं की लोकांला वाटतंय नवराच गातुया. लिहिलंस? वाचून दाखव.” इंद्रजीतने वाचून दाखवलं. “हां. आता इचार.”

सुंदरम्मा पिशवी घेऊन समोरून येत होती. मला पायरीवर बघून थांबली.

“काय लेखक, भाईर का?”

“आत मुलाखत चाललीय.”

“कुनाची?”

“मीना निवृत्ती शिवशरण यांची.”

सुंदरम्माने आठवून बघितलं. कॉलनीतलं एकूण एक घर तिने मनात फिरून बघितलं असणार. मग तिने मान हलवली.

“ही कोन की बाई? आपल्यातली हाय का?”

मी चपला सरळ लावायला घेतल्या.